वाकळेतली हार्ड डिस्क

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरनं एका रविवारी सकाळी जागा संपल्याचं जाहीर केलं. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आली, की आता आणखी काही ठेवता येणार नाही, अनावश्यक वस्तू काढून टाका. मी निपाणीतल्या एका पतसंस्थेचा शाखाधिकारी आहे. लॉकरची जागा संपली की खातेदारांना मी जवळजवळ हेच सांगतो, फक्त माझ्या आवाजात थोडी सहानुभूती असते. त्यामुळं मला राग आला नाही. एका जबाबदार संस्थेनं दुसऱ्या जबाबदार संस्थेला कळवावं तसं वाटलं आणि मी अनावश्यक वस्तू शोधायला बसलो.

पहिल्याच सापडल्या सासूबाई.

म्हणजे त्यांचा व्हिडिओ. माझ्या सासूबाई, धोंडूबाई, मूळच्या चिकोडीकडच्या. शेवटची काही वर्षं त्या आमच्याकडंच होत्या आणि गेल्या उन्हाळ्यात वारल्या. मोबाईल समोर धरला की त्या पदर तोंडावर घ्यायच्या, त्यामुळं त्यांचा आवाज असलेला हा एकच व्हिडिओ. तोही आमच्या लेकीनं, दिव्यानं, त्यांना न कळता काढलेला. दिवस पर्युषणाचे होते. त्या दिवसांत जैनांच्या घरात कंदमूळ येत नाही हे निपाणीत कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. मी बाजारातून भाजी आणली आणि पिशवीच्या तळाशी बटाटे निघाले. भाजीवाल्यानं घातले, मी बघितले नाहीत, एवढाच माझा गुन्हा. व्हिडिओत मी पिशवी धरून दारात उभा आहे आणि सासूबाई शेंगा सोलत सोलत, अत्यंत आदरार्थी बहुवचनात, मला सोलताहेत.

"जावईबापू, तुम्ही सायेब. लोकांचं सोनंनाणं संभाळतासा. आणि पिशवीत काय हाय त्ये तुमास्नी ठाव न्हाय?"

असं बरंच. शेवटचं वाक्य तर असं आहे, की ते मी इथं देत नाही. माणसाला काही अब्रू असते.

"ह्यो काढून टाकू काय?" मी बायकोला विचारलं. "तेवढीच जागा हुईल."

त्रिशला पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. दर रविवारी दुपारी ती हा व्हिडिओ लावते, आईचा आवाज ऐकते आणि मग भांडी घासायला जाते, हे मला माहीत होतं. त्या वेळी मी बाहेर पडतो, कारण त्या आवाजाचा विषय मी असतो. आता तिचं लाटणं जोरात फिरायला लागलं आणि मी ओळखलं, की सासूबाई अनावश्यक वस्तूंत बसत नाहीत.

म्हणून बाहेरून लावायची हार्ड डिस्क घ्यायचं ठरलं.

हे ठरायला एक मिनिट लागलं आणि गल्लीभर व्हायला दुसरं. शेजारचे रायाप्पाण्णा चप्पल न घालताच आले. रायाप्पाण्णा तंबाखूच्या व्यापारातून निवृत्त झाले असले तरी सल्ल्याच्या व्यापारात अजून जोरात आहेत. माल कुठलाही असो, तो ते नाकाला लावून पारखतात.

"बेळगावात घिऊ नका, सायेब. कोल्लापूरला जावा. तिकडं माल ताजा असतोय."

हार्ड डिस्क शिळी होत नाही असं मी म्हणणार होतो, पण माझीही खात्री नव्हती. दिव्या बेंगळुरात कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. ती फोनवर म्हणाली, "पप्पा, कुठं जाऊ नका, मी ऑनलाइन मागवते, घरी येईल." पण शाखाधिकाऱ्यानं लेकीकडून वस्तू मागवून घ्यावी हे मला पटेना. शिवाय घरपोच आलेल्या वस्तूचा मालकाशी बोलून भाव पाडता येत नाही, म्हणजे खरेदी केल्यासारखं वाटत नाही.

कोल्हापूरच्या दुकानदारानं भाव पाडला नाही. त्याऐवजी त्यानं मला एक उपदेश दिला. वहीएवढीही नसलेली ती काळी डबी हातावर ठेवून तो म्हणाला, "साहेब, याला फक्त धक्का बसू देऊ नका. आत तबकडी फिरत असते. मऊ जागी ठेवा." मऊ जागी ठेवा, हे शब्द मी मनात कोरून घेतले. पुढं जे रामायण झालं ते या आज्ञाधारकपणामुळंच झालं, हे मला सर्वांच्या निदर्शनाला आणून द्यायचं आहे.

परतीच्या एसटीत मी ती डबी मांडीवर, टॉवेलाच्या घडीत घेऊन बसलो. शेजारच्या बाईनं आतलं बाळ बघायला म्हणून वाकून पाहिलं आणि तोंड फिरवलं. कर्नाटकच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबली. कुठल्यातरी निवडणुकीची आचारसंहिता होती. एक पोलीस चढला, बसभर बोजकी-पोती होती ती ओलांडून सरळ माझ्यापाशी आला आणि टॉवेलाकडं बोट करून म्हणाला, "इदेनु?" हे काय?

मी कानडीत सांगितलं, हार्ड डिस्क.

आत काय आहे?

"खाली ऐती," मी म्हणालो. रिकामी आहे.

खरं बोलण्याचा परिणाम काय होतो तो मी तेव्हा पाहिला. रिकामी वस्तू इतकी जपून कोण नेतं, हा त्याचा प्रश्न बिनतोड होता. तो मला खाली घेऊन गेला. त्याच्या साहेबानं डबी कानाशी हलवली. मी ओरडलो, "धक्का नको." त्यानं संशय आणखी वाढला. शेवटी माझं पतसंस्थेचं ओळखपत्र बघून साहेब हसला, माझ्या खुर्चीबद्दल आदर व्यक्त केला आणि डबी परत दिली. एसटी तोवर निघून गेली होती. मी उसाच्या ट्रॅक्टरमागून घोंघावत आलेल्या एका वडापच्या जीपमधून घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. आमच्याकडं दिवस मावळल्यावर चूल पेटत नाही. त्रिशलेनं माझं ताट वाढून, वाट बघून, वेळेत आवरून टाकलं होतं. हार्ड डिस्क घरी आली त्या दिवशी मी उपाशी झोपलो. शकुन म्हणतात तो हाच असावा.

दुसऱ्या दिवशी दिव्यानं फोनवर बजावलं. "पप्पा, सगळं कॉपी करा. कट करू नका. दोन्हीकडं असू द्या."

आता इथं माझं आणि तिचं तत्त्वाचं भांडण आहे. आयुष्यभर लोकांच्या वस्तू सांभाळून मी एक गोष्ट शिकलो. एक वस्तू, एक जागा, एक किल्ली. दोन ठिकाणी ठेवलेली वस्तू ही कुठंच ठेवलेली नसते. शिवाय जागा करण्यासाठी हा खटाटोप, मग जुन्या जागी तेच ठेवायचं तर डिस्क आणली कशाला? मी सगळं कट केलं आणि डिस्कवर नेऊन ठेवलं. दिव्याचं लग्न, कॉलेजचे प्रकल्प, आमची बाहुबलीची सहल आणि सासूबाई. कॉम्प्युटर मोकळा मोकळा दिसायला लागला. मला फार अभिमान वाटला.

"आईचा हाय न्हवं त्यात?" त्रिशलेनं विचारलं.

"लॉकरात हाय असं समज," मी म्हणालो.

तिनं समजलं. तिचा माझ्यावर विश्वास होता, हे सांगताना मला अजून बरं वाटत नाही.

मग गल्लीला कळलं, की साहेबांच्याकडं जागा झाली आहे. आमच्याकडं जागा म्हटलं की लोक हक्कानं येतात. कुणाच्या माळ्यावर रिकामी जागा दिसली की शेजारी आपली तंबाखूची पोती तिथं आणून टाकतो, मग ती पुढच्या हंगामापर्यंत हलत नाहीत. हार्ड डिस्कच्या बाबतीत लोकांनी हीच पद्धत लावली. कुणी बारशाचा व्हिडिओ घेऊन आलं, कुणी गच्चीच्या स्लॅबचा. रायाप्पाण्णा पंचकल्याणक पूजेत इंद्र म्हणून बसले होते. मुकुट घालून हत्तीवरून त्यांची मिरवणूक निघाली होती आणि हत्ती सावकाश चालत असल्यामुळं तो व्हिडिओ फार लांब झाला होता. "तुमच्या डबीत इंद्राला जरा जागा द्या," म्हणून ते डिस्कच घरी घेऊन गेले. दुपारभर ती त्यांच्या सुनेच्या लॅपटॉपला लटकत होती. इंद्र आमच्या डिस्कवर विराजमान झाले आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसले.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. मी मंडईत गेलो की भाजीवाली म्हणायची, "सायेब, बटाटं घालू काय?" आणि शेजारची हसायची. पतसंस्थेत आमचा शिपाई मष्णू चहा देताना विनाकारण म्हणाला, "सायेब, आज डब्यात काय? बटाट्याची भाजी?" बस स्टँडवरच्या एका अनोळखी माणसानंही माझ्या पिशवीत डोकावून बघितलं. मी याचा फार विचार केला नाही. मोठ्या पदावरच्या माणसाच्या आहाराबद्दल लोकांना कुतूहल असतं, इतकंच मी मनात म्हटलं.

डिस्क मात्र लपवायचं ठरवलं. रायाप्पाण्णांच्या मेहुण्याकडं अजून दोन हत्ती शिल्लक आहेत असं कानावर आलं होतं. कपाट नको, तिथं शेजारी हात घालतात. मऊ जागा हवी. घरातली सगळ्यात मऊ जागा म्हणजे सासूबाईंची वाकळ. त्यांच्याच जुन्या लुगड्यांचे थर घालून त्यांनी ती स्वतः शिवली होती. ती ट्रंकेवर घडी घालून असायची, कुणी पांघरत नव्हतं. तिची एका बाजूची शिवण थोडी उसवली होती. मी डिस्क त्या उसवलेल्या जागेतून आत सरकवली. लुगड्यांच्या मधे ती अशी बसली, की बाहेरून हात फिरवला तरी कळू नये. एक वस्तू, एक जागा. किल्ली मी. कुणालाही सांगितलं नाही, त्रिशलेलासुद्धा नाही. लॉकरचा नंबर कुणी बायकोला सांगत नाही.

आता हे वाचणारा निपाणी-चिकोडीकडचा असेल तर त्याला पुढचं कळलंच असेल आणि तो कपाळाला हात लावून बसला असेल. इतरांसाठी सांगतो. आमच्याकडं घट बसायच्या आधी दसऱ्याची धुणी असतात. धुणी म्हणजे अंगावरचे कपडे नव्हेत. घरात कापड म्हणून जे काही आहे ते सगळं. पडदे, जाजमं, गोधड्या, पायपुसणी, देवाची वस्त्रं, आणि कुणी पांघरो न पांघरो, प्रत्येक वाकळ. गल्लीतल्या बायका मिळून टेंपो करतात आणि यमगर्णीला वेदगंगेवर जाऊन दिवसभर सगळं धोपटून आणतात. मी जन्मल्यापासून हे बघत आलो आहे. पण धुणी ही बायकांची आणि डिस्क ही माझी, त्यामुळं दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना कधी भेटल्याच नाहीत.

त्या दिवशी मी पतसंस्थेत एका खातेदाराला सांगत होतो, की वस्तू सुरक्षित ठेवणं ही एक कला आहे.

संध्याकाळी घरी आलो. गच्चीवर, कठड्यावर, जिन्यावर वाकळा वाळत होत्या. रायाप्पाण्णांच्या पत्नी अंबुबाई आमच्या कट्ट्यावर दंड चोळत बसल्या होत्या.

"तुज्या आईची वाकळ लई जड गं बाई," त्या त्रिशलेला सांगत होत्या. "मी सोता धोपाटली. आत काय तरी कडक लागायलं होतं."

"लुगड्याचा गोळा झाला आसंल," त्रिशला म्हणाली. "जुनी हाय."

"म्या पण त्येच म्हटलं. म्हणून तितं आणि चार धोपाटणी जास्ती हाणली."

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. वाकळेची उसवलेली शिवण सापडली, हात आत घातला. डिस्क होती. दुकानदारानं सांगितलेल्या तबकडीचं काय झालं ते डबी हलवल्यावर ऐकू येत होतं. कोपऱ्यातून वेदगंगा थेंब थेंब बाहेर येत होती.

मी रायाप्पाण्णांना सहज विचारल्यासारखं विचारलं, की समजा, एखाद्याची अशी वस्तू भिजली तर काय करतात? "तांदळात घालायची," ते म्हणाले. "तांदूळ पाणी वडतोय." मी डिस्क तांदळाच्या डब्यात खोल पुरली आणि दुसऱ्या दिवशी पतसंस्थेतून कंपनीच्या ग्राहक केंद्राला फोन लावला. फोन कर्नाटकातला, म्हणून कानडी बोलणारी मुलगी आली. तिची कानडी बेंगळुरातली, माझी बाजारातली. तिनं मला हिंदीकडं पाठवलं. हिंदीनं बिल कुठलं विचारलं. मी म्हटलं, महाराष्ट्र. पत्ता? कर्नाटक. मग तुमच्या राज्यातलं केंद्र हुबळीला, पण बिल तिथं चालणार नाही. बिलाच्या राज्यातलं पुण्याला, पण पत्ता तिथं चालणार नाही. सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हे नवीन नाही. मला फक्त तिची नम्रता लागली. शेवटी तिनं विचारलं, नेमका बिघाड काय? मी म्हटलं, धुतली. मग तिनं मला दिवसभराच्या शुभेच्छा दिल्या.

त्रिशलेला सांगायचं मी रोज ठरवत होतो. पण घरात भात करायच्या आधी तांदूळ निवडतात, किडा-मुंगी मरू नये म्हणून एकेक मूठ बघून निवडतात, हेही माझ्या डोक्यातून गेलं होतं. मी जेवायला बसलो तर ताटाशेजारी सुपात तांदूळ होते आणि तांदळावर डिस्क.

"आई हिच्यात हुती?" तिनं विचारलं.

"व्हय."

"आणि ही वाकळंत हुती?"

"व्हय. पण मी काय म्हणतो, दुकानदारानंच सांगितलंतं की मऊ..."

"मला एकदा तरी सांगायचं हुतं," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. तिनं वाढलं, ताट उचललं, सूप उचललं. त्या रविवारी दुपारी ती कॉम्प्युटरच्या खोलीत गेलीच नाही. सरळ भांडी घासायला बसली आणि भांडी संपल्यावरही नळ चालूच होता. मी बाहेर उभा होतो. मला फार वाईट वाटलं. ज्या आवाजापासून मी दर रविवारी पळत होतो तो घरात नाही म्हटल्यावर घर कसं तरीच वाटायला लागलं. नवरात्रभर आमच्यात मीठ आहे, वाढू का, एवढंच बोलणं झालं.

दसऱ्याच्या दिवशी मी आपट्याच्या पानांची पिशवी भरून आणली. दारात आलो तर रायाप्पाण्णा आणि अंबुबाई सोनं द्यायला येऊन बसले होते. अंबुबाई त्रिशलेच्या तोंडाकडं बघून विचारत होत्या, "का गं, सणासुदीचं असं का तोंड केलीस?" त्रिशलेला राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं. धोपाटण्याचं ऐकल्यावर अंबुबाईंचा हात दंडावर गेला.

"आगं बया. म्हंजे म्या तुज्या आईला धोपाटली?" मग त्या थांबल्या. "पण कुटला व्हिडिओ म्हंतीस? बटाट्याचा?"

त्रिशला म्हणाली, "तुमास्नी कसं ठाव?"

अंबुबाई माझ्याकडं बघेनात. रायाप्पाण्णांनी छताकडं बघितलं. पायाखालची जमीन कुठल्या दिशेला सरकणार हे माझ्या लक्षात यायला लागलं.

"त्ये काय झालं," रायाप्पाण्णा म्हणाले, "इंद्र घालताना सूनबाईला त्यो दिसला. तुमच्या सासूबाई लई ग्वाड बोलल्यात. म्हणून हिनं मोबाईलात घेतला. मग भिशीच्या बायकांनी मागितला. मग..."

"मग मष्णू," मी म्हणालो.

"मष्णूची बायकू भिशीत हाय की वो."

म्हणजे मंडई, पतसंस्था, बस स्टँड. एक वस्तू, सगळ्या जागा, किल्ली कुणाकडंच नाही. माझी अब्रू निपाणीभर मोबाईलामोबाईलात सुरक्षित होती. मी संतापून काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात अंबुबाईंनी कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला, बोटानं सरकवत सरकवत गेल्या आणि तो त्रिशलेच्या हातात दिला.

"जावईबापू, तुम्ही सायेब."

तोच आवाज. शेंगा फुटल्याचाही आवाज तोच. त्रिशलेनं मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि छातीशी नेला, मग पुन्हा समोर धरला. ती रडत होती आणि हसत होती. अंबुबाई तोंडातल्या तोंडात सासूबाईंच्या बरोबर एकेक वाक्य म्हणत होत्या. सगळं पाठ होतं त्यांना. रायाप्पाण्णांनाही. व्हिडिओतला मी दारात पिशवी धरून उभा होतो आणि खरा मीही दारात पिशवी धरूनच उभा होतो. शेवटचं वाक्य आलं. मी बाहेर गेलो नाही.

"काय बी आणतासा, कुटं बी ठेवतासा," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, घरातल्या बाईला तेवढं विचारत जावा."

व्हिडिओत मी यावर तोंड फिरवून आत जातो. या वेळी मी पिशवी खाली ठेवली.

"व्हय मामी," मी म्हणालो. "चुकलं."

कुणी हसलं नाही. त्रिशलेनं माझ्याकडं बघितलं, पदरानं डोळे पुसले आणि पिशवीकडं बोट केलं.

"ती पानं कुटं ठेवू, विचारा की," ती म्हणाली.

"कुटं ठेवू?" मी विचारलं.